यंत्रमाग कारखान्यांतील जुनी विद्युत जोडणी : कबनूर परिसराच्या औद्योगिक इतिहासाचे एक उपेक्षित साधन

प्रस्तावना

औद्योगिक इतिहासाच्या लेखनात कागदपत्रांना पहिला मान दिला जातो. मोठ्या कापडगिरण्यांच्या बाबतीत ते शक्यही होते. संचालक मंडळाची इतिवृत्ते, यंत्रखरेदीचे करार, हजेरीपट, विम्याचे नकाशे असा पुष्कळ ऐवज गिरण्यांनी मागे ठेवलेला असतो. विकेंद्रित यंत्रमाग उद्योगाकडे वळले की हा आधार बहुतांशी तुटतो. हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजीला खेटून असलेले गाव कारभाराच्या दृष्टीने स्वतंत्र आहे. जनगणनेत त्याची नोंद नगर म्हणून होते. मागांच्या खडखडाटाला मात्र गावाची शीव ठाऊक नाही. येथील उद्योग मुख्यत्वे घरालगतच्या, पत्र्याच्या किंवा कौलारू छपराखालील लहान कारखान्यांतून वाढला. चार, आठ किंवा बारा मागांच्या अशा कारखान्याचा इतिहास सांगणारी वही क्वचितच सापडते. जुनी बिले रद्दीत जातात, भागीदारी मोडते, माग विकले जातात, वाटण्या होतात.

अशा वेळी अभ्यासकाच्या हाती उरते ती इमारत. इमारतीतही भिंती आणि छपराचा विचार केला जातो. त्यांवरून गेलेल्या विजेच्या तारांकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः तार, फ्यूज, मुख्य स्विच आणि मोटारीची पाटी ही या उद्योगाची सर्वांत विश्वासार्ह दप्तरे आहेत. यंत्रमागाने घराघरांत प्रवेश केव्हा व कसा केला, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे त्यांतच सापडते, असा प्रस्तुत निबंधाचा प्रतिपाद्य विषय आहे. या विषयाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती कमी महत्त्वाची नाही. जी तार इतिहासाचा पुरावा ठरते तीच तार आजही अनेक ठिकाणी वीज वाहते, आणि तिच्याखाली माणसे पाळीपाळीने उभी असतात.

यंत्र आधी, वीज नंतर

इचलकरंजीतील पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी सुरू केला आणि त्यास इचलकरंजीचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे प्रोत्साहन होते, हे सर्वश्रुत आहे. या घटनेचा उल्लेख करताना एक गोष्ट नजरेआड होते. 'यंत्रमाग' या शब्दात विजेचा उल्लेख नाही. हातापायांऐवजी एखाद्या यंत्राच्या शक्तीवर चालणारा माग, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईच्या गिरण्यासुद्धा त्या काळी प्रामुख्याने वाफेवर चालत. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली ती १९१५ साली. म्हणजे या भागातील यंत्रमागाचा जन्म सार्वत्रिक वीजपुरवठ्याच्या कित्येक दशके आधीचा आहे.

दक्षिण महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरील वीज पुढे टप्प्याटप्प्याने आली. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेल्या राधानगरी धरणावरील ४.८ मेगावॅट क्षमतेचे केंद्र १९५० च्या दशकात कार्यान्वित झाले. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. कबनूरसारख्या गावांत माग पसरण्याचा काळ या टप्प्यांशी ताडून पाहावा लागतो. तसे पाहण्यासाठी लिखित नोंद नसेल तर भिंतीवरील खुणा वाचाव्या लागतात.

शाफ्टकडून स्वतंत्र मोटारीकडे

विजेपूर्वीच्या किंवा विजेच्या आरंभकाळातील विणाईच्या कारखान्यात शक्तीचे वाटप तारेने होत नसे. ते लोखंडी दांड्याने होई. एका टोकाला तेलाचे इंजिन किंवा एकच मोठी मोटार, छपराखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरणारा शाफ्ट, त्यावर चाके आणि प्रत्येक चाकावरून खाली मागापर्यंत उतरणारा चामडी पट्टा, अशी ती रचना. या व्यवस्थेत विजेची तार लागते ती एकाच ठिकाणी, मोटारीपाशी. बाकी कारखान्यात असलीच तर दिव्यांची जोडणी.

शाफ्ट काढून टाकला तरी त्याच्या खुणा सहज जात नाहीत. भिंतीत समान उंचीवर बसवलेले बिडाचे आधार, तुळयांना ठरावीक अंतरावर पाडलेली बोल्टची भोके, त्यांच्या खाली तेलाच्या ठिबकण्याने काळवंडलेला पट्टा, एका कोपऱ्यात इंजिनासाठी केलेला जड पाया, ही चिन्हे एकत्र आढळली तर तो कारखाना आरंभी शाफ्टवर चालत होता असे मानण्यास हरकत नाही. जुन्या मागाच्या बाजूस शेजारी शेजारी दोन चाके असतात. पट्टा एका चाकावरून दुसऱ्या मोकळ्या चाकावर सरकवून माग थांबवण्याची ती सोय होती. हाही त्याच काळाचा अवशेष होय.

पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र लहान मोटार बसू लागली आणि कारखान्याचा विद्युत नकाशाच पालटला. एका जाड तारेच्या जागी मुख्य पेटीतून निघणाऱ्या, प्रत्येक मागापर्यंत जाणाऱ्या तीन-तीन तारांचे जाळे उभे राहिले. हा बदल केवळ तांत्रिक स्वरूपाचा समजणे चूक ठरेल. शाफ्टवरील कारखान्यात इंजिन थांबले की सारे माग थांबतात. इंजिन, शाफ्ट आणि पाया यांचा खर्च आरंभीच करावा लागतो आणि तो दोन-चार मागांवर परवडत नाही. स्वतंत्र मोटारीमुळे भांडवलाचा हा उंबरठा खाली आला. ज्याच्याजवळ दोन मागांपुरता पैसा होता तो दोन माग घालू शकला आणि पुढच्या वर्षी तिसरा जोडू शकला. मोठ्या जागेतील एक खण भाड्याने घेऊन माग चालवणे शक्य झाले. सूत दुसऱ्याचे व मजुरीने विणकाम आपले, या तत्त्वावर चालणारा आजचा खर्चीवाला यंत्रमागधारक हा शाफ्टच्या व्यवस्थेत सहज निर्माण झाला असता असे वाटत नाही. सुताचा पतपुरवठा, सायझिंग, बाजारपेठ या गोष्टींचा वाटा अर्थातच मोठा आहे. तथापि इचलकरंजीचा उद्योग कबनूर, चंदूर, कोरोची अशा शेजारच्या गावांतून पसरला याच्या कारणांत या तारेच्या जाळ्याचा समावेश करावाच लागेल. या विषयावरील लेखनात त्यास मिळालेले स्थान फारच अल्प आहे.

तारेची ओळख

विद्युत जोडणीचे वय ठरवताना प्रथम ती भिंतीवर कशी बसवली आहे हे पाहावे. चिनी मातीच्या चिमट्यांत पकडलेल्या सुट्या तारा ही सर्वांत साधी व स्वस्त पद्धत. तात्पुरत्या जागी ती पुष्कळ वापरली गेली. सागवानी पन्हळीत तारा ठेवून वर लाकडी झाकण मारण्याची केसिंग-कॅपिंग पद्धत बहुधा कार्यालयाच्या खोलीत किंवा मालकाच्या घराच्या भागात दिसते. लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली, रबरी आवरणाची चपटी तार ही बॅटन पद्धत त्यानंतरची. लोखंडी नळीतून नेलेली तार औद्योगिक इमारतींसाठी श्रेष्ठ मानली जाई. पीव्हीसीची नळी व पीव्हीसी वेष्टनाची तार हा शेवटचा थर. एकाच कारखान्यात हे सारे थर एकावर एक आढळतात आणि पुरातत्त्वातील उत्खननाप्रमाणेच ते वाचता येतात. ज्या नळीखाली जुन्या पट्टीचे खिळे आणि रंगाचा फिका पट्टा दिसतो, ती नळी पट्टीनंतरची, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही.

तारेचे वेष्टन हा दुसरा पुरावा. जुन्या तारेत तांब्याच्या धाग्यांवर व्हल्कनाइझ केलेले रबर, त्यावर फीत व सर्वांत बाहेर डांबरासारख्या मिश्रणात भिजवलेली सुती वीण असे. रबर व्हल्कनाइझ करताना गंधक वापरतात आणि गंधकाचा तांब्यावर परिणाम होतो. म्हणून तांब्याच्या धाग्यांना कथलाचा मुलामा दिलेला असे. हीच गोष्ट ओळखीत मोठा घोटाळा करते. कापलेल्या टोकाशी पांढरट धागे दिसले की पाहणारा त्यास ॲल्युमिनियम समजतो. धागा चाकूने हलकेच खरवडला असता आत तांबूस रंग दिसला तर ती मुलाम्याची तांब्याची तार होय. ॲल्युमिनियम आतबाहेर सारखेच पांढरे, हाताला हलके व मऊ असते. तांब्याची घनता ८.९, तर ॲल्युमिनियमची अवघी २.७ आहे. ही परीक्षा वीजपुरवठा मुख्य ठिकाणी तोडून, परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हावयास हवी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी. तरीही ते सांगणे बरे, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्यांची जिज्ञासा कधी कधी हातापर्यंत पोचते.

हा भेद कालनिर्णयास उपयोगी पडतो. १९६० च्या दशकात परकीय चलनाची टंचाई होती आणि तांबे मोठ्या प्रमाणावर आयात करावे लागे. त्यामुळे देशात ॲल्युमिनियमच्या तारांचा प्रसार झाला. ॲल्युमिनियमची वाहकता समान जाडीच्या तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने तितकाच प्रवाह नेण्यास जाड तार लागते. साध्या यंत्रमागाच्या कारखान्यात हा धातू विशेष अडचणीचा ठरतो. धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आपटत असतो, त्याची थरथर भिंतीतून स्क्रूपर्यंत पोचते. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरते, पकड सैल होते, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर जमतो आणि सांधा तापू लागतो. तांब्याची तार ॲल्युमिनियमला नुसती पिळून जोडली असेल तर दमट हवेत ती जोड अधिकच लवकर झिजते. विणाईसाठी हवेत ओलावा हवा असतो आणि सुताचे बारीक तंतू प्रत्येक आडव्या पृष्ठभागावर बसतात. तापलेला सांधा आणि त्यावरील कापसाची धूळ यांची भेट कोठे होईल, हे पाहणीत प्रथम शोधावयाचे असते.

धाग्यांची संख्या हा तिसरा पुरावा. मेट्रिक पद्धतीपूर्वी तारेची ओळख धाग्यांची संख्या आणि धाग्याचा गेज क्रमांक यांनी सांगत. १/१८, ३/२२, ३/२०, ७/२० ही नावे जुन्या वायरमनच्या तोंडी अजून असतात. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि पुढे १.५, २.५, ४ चौरस मिलिमीटर ही मापे रूढ झाली. तीन पीळदार धाग्यांची, कथलाचा मुलामा असलेली, सुती वेष्टनाची तार सापडली तर ती मेट्रिकपूर्व परंपरेतील आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

सर्वांत निश्चित पुरावे मात्र अक्षरांत असतात. मुख्य स्विचवर, स्टार्टरवर, मोटारीच्या पाटीवर उत्पादकाचा पत्ता कोरलेला असतो. त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ती पाटी १५ ऑगस्ट १९७२ पूर्वीची असू शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. आयएसआय चिन्ह असेल तर वस्तू १९५० च्या दशकाच्या मध्यापूर्वीची नाही. मीटरच्या पेटीवर राज्य विद्युत मंडळाचे नाव असेल तर ती १९६० नंतरची आणि महावितरणचे असेल तर २००५ नंतरची. इंग्लंडमध्ये बनल्याचा शिक्का, अश्वशक्तीऐवजी किलोवॅटमध्ये दिलेली क्षमता, संगमरवरी किंवा पाटीच्या दगडाच्या फळ्यावर बसवलेले उघडे सुरी-स्विच, या प्रत्येक गोष्टीतून काळाची एखादी मर्यादा हाती लागते. शिलालेखाच्या अक्षरवटिकेवरून शतक ठरवणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत परकी वाटू नये.

फसवे पुरावे

तथापि या साधनाचा उपयोग सावधपणे करावा लागतो. पाटीवरील वर्ष हे वस्तूचे असते, कारखान्याचे नसते. यंत्रमाग उद्योगात जुन्या यंत्रांची खरेदी-विक्री सतत चालते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर गिरण्यांचा उतार वाढला आणि यंत्रमाग केंद्रांचा विस्तार झाला. त्यामुळे मोटार किंवा स्विच एका गावात जुना होऊन दुसऱ्या गावात नवा म्हणून लागला असणे सहज संभवते. ज्या वस्तूचे स्क्रू, भिंतीतील भोके आणि तारेची लांबी एकमेकांशी जुळत नाहीत, तिला प्राथमिक पुरावा मानू नये.

दुकानातील भाषाही फसवते. '७/२०' हे नाव मेट्रिक मापे आल्यावरही बोलण्यात राहिले. म्हणून मुलाखतीत वायरमनने ते वापरले एवढ्यावरून तार जुनी ठरत नाही. एकाच छपराखाली दोन मीटर दिसले की कारखाना दोघांचा होता असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. भावाभावांतील वाटणी हे त्याचे कारण असू शकते, भाडेकरू असू शकतो. अथवा वीजदराची रचनाही असू शकते. महाराष्ट्रात यंत्रमागांच्या वीजसवलतीत २७ अश्वशक्तीची सीमारेषा धरलेली आहे आणि अशा सीमारेषा माणसांना जोडणी विभागण्याचे कारण पुरवतात. यांपैकी खरे कारण कोणते, हे तार सांगत नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते.

नियम आणि भिंत

तारेबरोबर नियमांचा इतिहासही वाचावा लागतो. भारतीय विद्युत अधिनियम १९१० चा. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत आणि कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले ते १ मार्च १९४९ रोजी. त्यामुळे यापूर्वीच्या जोडणीस ब्रिटिश मुलखातील मोजपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून मात्र चित्र स्पष्ट होते. जोडणीचे काम परवानाधारकाकडूनच व्हावे, पाच वर्षांपेक्षा अधिक नाही इतक्या अंतराने तपासणी व्हावी, ५०० व्होल्ट दाबाने मोजलेला वेष्टनाचा रोध किमान एक मेगओहम असावा, भूसंपर्कित न्यूट्रलच्या मार्गात फ्यूज नसावा, आणि मोटारीची चौकट दोन वेगवेगळ्या तारांनी भूमीशी जोडलेली असावी, अशा तरतुदी त्यांत होत्या. वीज अधिनियम २००३ आल्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि पुढे २०२३ चे सुरक्षा विनियम आले.

या तरतुदींपैकी दोन भिंतीवर नुसत्या डोळ्यांनी तपासता येतात. न्यूट्रलमध्येही फ्यूज असलेली दुहेरी फ्यूजची पेटी ही जुन्या प्रघाताची खूण आहे आणि तीच धोक्याचीही: न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण तारेत वीज राहते आणि माणूस ती गेली असे समजून हात घालतो. मोटारीपासून निघणाऱ्या भूसंपर्काच्या दोन तारा मोजणे त्याहून सोपे. एक असेल, किंवा एकही नसेल, तर त्या कारखान्यात नियम आणि व्यवहार यांच्यात किती अंतर होते याचे मोजमाप तेथेच मिळते. हे अंतर मालकाच्या बेपर्वाईवर ढकलून मोकळे होता येत नाही. मजुरीवर विणणाऱ्याच्या हाती उरणारी रक्कम तुटपुंजी असते, जागा भाड्याची असते. वायरिंग बदलावे ते भाडेकरूने की जागामालकाने, हा प्रश्न अनिर्णित राहतो आणि तार तशीच राहते. मेगरचे वाचन हे या न मिटलेल्या वादाचेही वाचन असते.

जुन्या रबरी तारेविषयी एक विशेष खबरदारी आवश्यक आहे. तिचे रबर उष्णतेने व काळाने कडक होऊन तडकते. भिंतीवर स्थिर असेतोवर ती शाबूत दिसते. पाहण्यासाठी वाकवली की वेष्टन गळून पडते. म्हणजे पाहणीच अपघाताचे निमित्त होऊ शकते. वेष्टनाची खरी स्थिती तारेच्या मध्यभागी कळत नाही. ती दिव्याच्या होल्डरपाशी, स्टार्टरच्या आत, जेथे उष्णता अधिक तेथे कळते. जुन्या फ्यूज-पेट्यांत ॲस्बेस्टॉसची पट्टी असण्याचा संभव असतो, तेव्हा त्या फोडू किंवा घासू नयेत. जुन्या तेलयुक्त कपॅसिटरमध्ये पीसीबी हे घातक द्रव्य असू शकते. २०१६ च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही अंतिम मुदत ठरवली होती.

भंगाराच्या काट्यावर

१९९९ मध्ये सुरू झालेली तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना, १ एप्रिल २०१७ पासूनची पॉवरटेक्स योजना आणि बाजाराची स्वतःची गती यांमुळे साधे माग काढून नवे, धोट्याविना चालणारे माग बसवण्याचे काम सुरू राहिले आहे. कामगाराच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने जुने वायरिंग निघून जाणे इष्टच आहे. ते जतन करावे असा आग्रह कोणी धरू नये. खेद आहे तो नोंद न होता जाण्याचा. माग जातो तेव्हा निदान त्याचे छायाचित्र काढले जाते. तार मात्र त्याच दिवशी ओढून काढतात, वेष्टन जाळतात आणि तांबे किलोवर विकतात. मुलाम्याची तांब्याची तार ॲल्युमिनियम समजून स्वस्तात गेल्याचे मालकाला मागाहून कळते. अभ्यासकाला तेही कळत नाही.

नोंदीसाठी लागणारा वेळ एका कारखान्यास एक दुपार इतकाच आहे. पुरवठा तोडल्यानंतर व तार काढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे समोरून छायाचित्र, मुख्य पेटीपासून प्रत्येक मागापर्यंतच्या मार्गाचा हाताने काढलेला आराखडा, सर्व पाट्यांवरील मजकूर जसाच्या तसा, प्रत्येक प्रकारच्या तारेचा वीतभर तुकडा व तो कोठून घेतला याची चिठ्ठी, आणि तो कारखाना जोडणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या वायरमनची मुलाखत, एवढे पुरेसे आहे. इचलकरंजी-कबनूर परिसरात महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. इतिहासाचा विद्यार्थी आणि वीजतंत्रीचा प्रशिक्षणार्थी हे एकाच एसटीने घरी जातात. एकाला पाटीवरील पिनकोडचे महत्त्व ठाऊक असते, दुसऱ्याला पाटी उघडण्यापूर्वी काय बंद करावे हे ठाऊक असते. दोघांना एकाच कारखान्यात एका दुपारी उभे करण्याची तरतूद आजच्या अभ्यासक्रमातील प्रकल्पकार्यातही करता येण्याजोगी आहे. ज्यांनी रबरी तारा स्वतः भिंतीवर मारल्या ते वायरमन आता वयोवृद्ध आहेत. मुलाखतींची सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.